१ मे: मुलांना महाराष्ट्र दिन कसा सांगता?

ओलीमाती | २१ एप्रिल, रात्री १०:१२

नमस्कार. एरवी मी इथे नुसती वाचत असते. आज मात्र धागा काढल्याशिवाय राहवलं नाही.

आम्ही डोंबिवलीत राहतो. मुलगा तिसरीत आहे. शाळेने महाराष्ट्र दिनासाठी मुलांकडून दोन-दोन मिनिटांची भाषणं बसवून घेतली. याचंही हातवाऱ्यांसकट पाठ झालं. परवा संध्याकाळी खाली खेळताना त्याने ते सगळ्यांना म्हणून दाखवलं. मुंबई आपल्यापासून तोडायचा डाव होता, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात आहे. एका पोराने विचारलं, "कोणाचा डाव?" आमच्या चिरंजिवांनी थेट दुसऱ्या मजल्यावरच्या मित्राकडे बोट केलं. "यांचा. गुजरात्यांचा."

ही दोन मुलं रांगायच्या वयापासून एकमेकांच्या घरात वाढली आहेत. माझ्या बाळंतपणात त्याच्या आईने महिनाभर डबे भरून सुखडी पाठवली होती. तो मुलगा बॅट तिथेच टाकून घरी गेला आणि दोन दिवस खाली उतरलेला नाही.

मी आधी मुलाला ओरडले. नंतर वाटलं, शिकवलं तेच तर तो बोलला, त्याला काय ओरडायचं? म्हणून नीट समजावायला बसले आणि लक्षात आलं की माझ्याजवळही "१ मे १९६०, १०६ हुतात्मे, पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण" यापलीकडे फारसं काही नाही. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातल्या तीन ओळी. १५ ऑगस्टचं सांगायला सोपं असतं, परके राज्य करत होते, ते गेले. इथे गोळ्या झाडणारं सरकारही आपलंच. आठ वर्षांच्या मुलाला हे कसं सांगायचं?

तुम्ही मुलांना काय सांगता? गोळीबाराचं सांगता की टाळता? आणि घरी या दिवशी काय करता? आमच्याकडे निकाल, पेढे आणि दुपारची झोप, एवढाच १ मे असतो.

---

कातळशिल्प | २१ एप्रिल, रात्री १०:४०

चांगला विषय. माझं स्पष्ट मत: आठव्या वर्षी गोळीबार नको. किल्ला दाखवा, राज्यगीत ऐकवा, सह्याद्री आणि गोदावरी नकाशावर दाखवा. मुलांना आधी या भूमीचं प्रेम लागू दे, बाकीचं मोठेपणी आपोआप वाचतील. दुःख आधी सांगितलं की राग येतो, आणि मुलांना राग ठेवायला जागा नसते. मग समोर जो मित्र असेल त्याच्यावर निघतो. तुमच्याकडे तेच झालंय.

---

वडोदरेकर | २१ एप्रिल, रात्री ११:०५

ओलीमाती, वाचून गलबलून आलं. आमच्या चार पिढ्या बडोद्यात गेल्या. माझ्या मुलीवर हीच वेळ उलट बाजूने आली होती. वर्गात १ मेला गुजरात स्थापना दिनाचा कार्यक्रम होता आणि एका मुलीने तिला विचारलं, "तू तर मराठी, तुझा काय संबंध?"

तुमच्या मुलाला एवढंच सांगा की १ मे १९६० हा दोन्ही राज्यांचा जन्मदिवस आहे. एकाच दिवशी, एकाच कायद्याने. आणि गुजराती माणसालाही ते मोठं द्विभाषिक राज्य नको होतं! १९५६ च्या ऑगस्टमध्ये संसदेने महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई यांचं एकच राज्य करायचं ठरवलं, तेव्हा अहमदाबाद पेटलं. ८ ऑगस्टला कॉलेजची मुलं लाल दरवाजाजवळच्या काँग्रेस भवनावर जाब विचारायला गेली आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या. तिथेही मुलं गेली. इंदुलाल याज्ञिकांच्या नेतृत्वाखाली महागुजरातचं आंदोलन उभं राहिलं ते त्यानंतर. म्हणजे दोन्हीकडची सामान्य माणसं एकच मागत होती: आमचा कारभार आमच्या भाषेत चालू दे. आणि गोळ्या दोन्हीकडे एकाच मुंबई सरकारच्या पोलिसांच्या होत्या, मुख्यमंत्रीही तेच, मोरारजी देसाई.

मुंबई कोणाची यावरून वाद झाला, तो खरा आहे, लपवू नका. मुंबईतल्या काही धनिकांना ती महाराष्ट्रात जायला नको होती हेही खरं. पण "काही धनिक" आणि "गुजराती" हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि तिसरीतल्या मुलाला हा फरक कळतो. "तुझ्या वर्गातल्या दोन मुलांनी खोडी काढली तर सगळा वर्ग खोडकर का?" एवढं विचारलं की कळतो.

---

ठाकुरद्वार | २२ एप्रिल, सकाळी ७:३०

कातळशिल्प, तुमची काळजी समजते, पण मी वेगळं सांगते. १९५६ च्या जानेवारीत मी सात वर्षांची होते आणि गिरगावात राहत होते.

मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार, हे १६ जानेवारीच्या रात्री नेहरूंनी रेडिओवर सांगितलं. आमच्या चाळीत एकच रेडिओ होता, शेवटच्या खोलीत. त्या खोलीसमोर माणसं दाटीवाटीने उभी होती. बोलणं संपलं तरी कोणी हलेना. मग कोणीतरी जिन्यावरून धावत खाली गेलं आणि पाठोपाठ सगळे पुरुष. पुढचे चार-पाच दिवस आम्हाला गॅलरीत उभं राहू दिलं नाही. आईने दाराची कडी लावून आम्हा भावंडांना आतल्या मोरीजवळ बसवलं होतं. बाहेर फटफट आवाज यायचा. मी विचारलं, फटाके का? आई म्हणाली, हो. धुराने डोळे चुरचुरायचे, तेव्हा तिने ओला पंचा आमच्या तोंडावर धरला आणि म्हणाली, शेजारी मिरची जाळली.

मला कोणी काही सांगितलं नाही, म्हणून मी कितीतरी वर्षं फटाक्यांना भ्यायले. दिवाळीत मी कॉटखाली जाऊन बसायची. चौदाव्या वर्षी वडिलांनी काय झालं होतं ते सांगितलं आणि भीती गेली. मुलांना आपल्या चेहऱ्यावरून सगळं कळतं. आपण शब्द दिले नाहीत तर ती आपले शब्द घालतात, आणि ते जास्त भयंकर असतात.

१ मे १९६० ही आठवतो. चाळीत कंदील लागले होते, वैशाखात! दारादारांत रांगोळ्या. वडील पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि पहिला पेढा त्यांनी समोरच्या खोलीत नेऊन दिला. त्या घरातला मुलगा जानेवारीत बाहेर गेला होता तो परत आला नव्हता. त्या काकूंनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही, देवापुढे ठेवला. मी तो पेढा दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथेच पाहिला.

माझ्या नातवंडांना मी हे सगळं सांगितलं. त्यांना कोणाचा राग आला नाही. त्यांनी विचारलं, "आजी, त्या काकूंना मग कोण होतं?"

---

कातळशिल्प | २२ एप्रिल, सकाळी ८:१५

ठाकुरद्वार, वाचून थांबलो थोडा वेळ. माझं म्हणणं मागे घेत नाही, पण बदलतो. तुम्ही सांगितलंत तसं सांगता येत असेल तर सांगावं. भाषणासारखं नको.

---

पाटीपेन्सिल | २२ एप्रिल, दुपारी ३:५०

मी हिंगोली जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. आमच्या मुलांना या दिवसाचं दुहेरी अप्रूप, कारण परभणीतून हिंगोली वेगळा झाला तोही १ मेला, १९९९ साली. "सर, आपल्या जिल्ह्याचा बर्थडे!" असं ओरडतच येतात. (त्याच दिवशी गोंदियाही झाला. जालना आणि सिंधुदुर्ग १ मे १९८१ चे. जिल्हे करायला ही तारीख आवडते सरकारला.)

भाषणं पाठ करून घेणं मी चार वर्षांपूर्वी बंद केलं. त्याऐवजी मैदानावर फक्कीने महाराष्ट्राचा मोठा नकाशा आखतो. राज्य झालं तेव्हा २६ जिल्हे होते, म्हणून २६ मुलं घेतो, प्रत्येकाच्या गळ्यात जिल्ह्याची पाटी. मग त्यांना तीन गटांत लांब लांब उभं करतो. विदर्भाचे ८ एका कोपऱ्यात, ते मध्य प्रदेशात होते. मराठवाड्याचे ५ दुसऱ्या कोपऱ्यात, ते हैदराबाद राज्यात. उरलेले १३ जुन्या मुंबई राज्यात, आणि त्यांच्याच रिंगणात पाच-सहा मुलं गुजरातच्या पाट्या घालून. बेळगाव, कारवारच्या पाट्याही याच रिंगणात असतात.

पहिली शिट्टी म्हणजे १ नोव्हेंबर १९५६. विदर्भ आणि मराठवाडा धावत येऊन मिळतात, नकाशा भरतो, गुजरातही आतच. बेळगाव, कारवारची मुलं मात्र बाहेर पडून म्हैसूरकडे जातात. दुसरी शिट्टी १ मे १९६०. गुजरातची मुलं हात सोडतात, वर सरकतात आणि दोन्हीकडून एकमेकांना टाटा करतात. हे मी सांगितलेलं नव्हतं, पहिल्या वर्षी मुलांनी आपणहूनच केलं. तेव्हापासून तसंच करतो.

या खेळात प्रश्न आपसूक येतात. मागच्या वर्षी बेळगावची पाटी घेतलेली मुलगी दुसऱ्या शिट्टीनंतरही रेषेबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मी कधी आत यायचं?" काय सांगणार? खरं तेच सांगितलं. की तिथल्या लोकांनी मागितलं, अजून मागतात, आणि खटला सुप्रीम कोर्टात आहे.

नंतर सगळे मिळून "गर्जा महाराष्ट्र माझा" म्हणतो. २०२३ पासून ते राज्यगीत झालं. शाहीर साबळ्यांचा आवाज मोबाईलवरून लावतो, स्पीकर गावातल्या मंडळाचा.

आणखी एक. मोठ्या मुलांना मी चिंतामणराव देशमुखांची गोष्ट सांगतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. "सर, सोडलं म्हणजे पगार पण गेला?" गेला, म्हटलं. तेवढ्याने सहावीचा वर्ग गप्प होतो.

---

सीमेवरचा | २२ एप्रिल, रात्री ९:२०

पाटीपेन्सिल सर, त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

मी बेळगावचा. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो आमच्या गावात, १९४६ च्या साहित्य संमेलनात, माडखोलकर अध्यक्ष होते. आणि जे मागायला आम्ही पहिल्यांदा उभे राहिलो त्याच्या बाहेर आम्हीच राहिलो. त्यामुळे आमच्या घरी १ मे साजरा होतो म्हणावं का नाही, मलाच कळत नाही. आमचा दिवस १७ जानेवारी. १९५६ साली त्या दिवशी बेळगावातही गोळ्या चालल्या. दरवर्षी सकाळी हुतात्मा चौकात जातो, मुलांना घेऊन जातो.

माझी मुलगी सातवीत आहे. ती रस्त्यावर, दुकानात, खेळताना कन्नड बोलते, मैत्रिणी सगळ्या कन्नड. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही आणि वाटू नये असं मी तिला सांगतो. भांडण भाषेशी नाही. सातबाराचा उतारा, वीजबिल, बसची पाटी ज्या लिपीत येते ती माझ्या म्हाताऱ्या आईला वाचता येत नाही. तिला दर वेळी कोणाला तरी "काय लिवलंय बघ की" म्हणून विचारावं लागतं. मुलीला मी तेवढंच दाखवलं. आजीच्या हातातलं बिल. राज्य भाषेवर का मागितलं, हे तिला दुसरं काही न सांगता समजलं.

ओलीमाती ताई, तुमच्यासाठी एक सुचवतो. १०६ हुतात्मे म्हणतो आपण (१०५ पासून १०७ पर्यंत आकडे ऐकू येतात), पण नावं कोणी वाचत नाही. यादी मिळवा आणि मुलाला मोठ्याने वाचायला लावा. सीताराम बनाजी पवार आहेत, तसेच जोसेफ डेव्हिड पेजारकर आहेत, के. जे. झेवियर आहेत, पी. एस. जॉन आहेत, वेदीसिंग आहेत. आणि चिमणलाल डी. शेठ आहेत. हे शेवटचं नाव तुमच्या मुलाला आणि त्याच्या मित्राला दोघांना वाचू दे.

---

ओलीमाती | २२ एप्रिल, रात्री ९:५५

सीमेवरचा दादा, अंगावर काटा आला. हे नाव मी आज पहिल्यांदा वाचलं. जन्म मुंबईत झाला माझा आणि मी ही यादी कधी पाहिली नव्हती.

---

संत्रानगरी | २३ एप्रिल, सकाळी ११:१०

नागपूरहून. आमच्याकडे चित्र थोडं वेगळं आहे तेही मांडतो. १ मेला इथे शासकीय झेंडावंदन होतं आणि त्याच दिवशी वेगळ्या विदर्भाची मागणी करणारे निषेध करतात. माझ्या मुलाला मी दोन्ही दाखवतो. १९५३ चा नागपूर करार सांगतो, त्यात दरवर्षी ठरावीक काळ सरकार नागपुरात येईल असं कबूल केलं होतं, म्हणून हिवाळी अधिवेशन इथे होतं. त्यातलं किती पाळलं गेलं यावर माझ्या घरातच दोन मतं आहेत, माझं आणि माझ्या वडिलांचं. ते जेवताना वाद घालतात आणि मुलगा ऐकतो. मला वाटतं हेही शिक्षणच आहे. राज्यावर प्रेम आहे म्हणून तर माणूस तक्रार करतो ना बापा.

---

इजारकाठ | २३ एप्रिल, दुपारी २:३०

आम्ही म्युनिकजवळ राहतो. योगायोग असा की १ मे इथे सुट्टीचा दिवस, कामगार दिन म्हणून. बव्हेरियात गावोगावी त्या दिवशी निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा उंच खांब उभारतात, बँड वाजतो. माझा सहा वर्षांचा मुलगा म्हणतो, "बाबा, हे सगळे महाराष्ट्र दिन करतायत?"

मी त्याला कामगारांकडूनच आत नेलं. शिकागोत १८८६ साली कामगार आठ तासांच्या दिवसासाठी उभे राहिले, त्यावरून हा दिवस आला. भारतात पहिल्यांदा तो मद्रासमध्ये १९२३ ला साजरा झाला. आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर जी माणसं उतरली त्यांत गिरणगावचे कामगार किती होते! लालबाग, परळ, त्या वस्त्या. म्हणून मुंबईच्या हुतात्मा चौकातल्या पुतळ्यात एक कामगार आणि एक शेतकरी मिळून मशाल धरतात. ते चित्र मी त्याला दाखवलं. त्याने ते कागदावर काढलं, दोघांना बव्हेरियन टोप्या घातल्या. फ्रीजवर लावलंय.

घरी हिने डब्यातला आमरस आणि पुऱ्या केल्या. हापूस इथे मिळतो, पण तो मे महिन्याच्या दुपारी गोणपाटातून निघणारा वास काही येत नाही.

---

मांडवीकाठ | २३ एप्रिल, रात्री ८:४५

गोव्यातून थोडक्यात. आमच्याकडे उन्हाळ्यात असे दोन दिवस येतात. ३० मे, १९८७ मध्ये घटकराज्य झालो तो. आणि १८ जून, १९४६ साली मडगावात लोहियांनी सभेबंदी मोडली तो क्रांतिदिन. मी मुलांना १८ जूनला लोहिया मैदानावर नेते. पाऊस असतोच. छत्रीखाली उभं राहून ऐकलेलं मुलांच्या लक्षात राहतं असा माझा अनुभव.

१९५५ च्या १५ ऑगस्टला गोव्याच्या हद्दीत शिरलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. त्यांत महाराष्ट्रातून आलेले कितीतरी जण होते. ऑगस्टमध्ये गोव्याच्या वेशीवर आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईत फ्लोरा फाउंटनला, म्हणजे आजच्या हुतात्मा चौकात! एकाच वर्षात. हे दोन्ही एकत्र मांडून मुलांना सांगितलेलं मी कुठे ऐकलं नाही, म्हणून इथे लिहिलं.

---

पाटीपेन्सिल | २४ एप्रिल, सकाळी ६:४०

मांडवीकाठ, हे टिपून ठेवलं. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनजवळ पंधरा जण गेले. आता सातवीला दोन्ही एकाच तासात सांगेन.

ओलीमाती, मुंबईला जाणार असाल तर शिवाजी पार्कजवळ संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचं दालनही आहे, वेळ आधी विचारून जा. आणि मेट्रो ३ वर आता "हुतात्मा चौक" नावाचं स्टेशन आहे, वरळीला "आचार्य अत्रे चौक" आहे. अत्र्यांनी १९५६ च्या नोव्हेंबरात "मराठा" दैनिक काढलं आणि चळवळ घराघरांत नेली, हे स्टेशनची पाटी दाखवून सांगता येतं.

---

ओलीमाती | २ मे, सकाळी १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहिते.

तुमचे प्रतिसाद वाचून दुसऱ्याच दिवशी मी दुसऱ्या मजल्यावर गेले. मित्राच्या आईशी बोलले. ती म्हणाली, "अगं, मुलं आहेत." पण तिचे डोळे भरले होते. मी तिला वडोदरेकर यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ८ ऑगस्टचं ऐकल्यावर तिने लगेच अहमदाबादला वडिलांना फोन लावला. ते तेव्हा दहा वर्षांचे होते. म्हणाले, "मला पोळाबाहेर जायची बंदी होती." पोळ म्हणजे आपल्या वाड्यांच्या गल्लीसारखी वस्ती. फोन स्पीकरवर होता आणि दोन्ही मुलं जमिनीवर बसून ऐकत होती. ठाकुरद्वार आजी, मला तुमची गॅलरी आठवली.

काल सकाळी शाळेत झेंडावंदन आणि प्रगतिपुस्तकं. झेंडा तिरंगाच का, महाराष्ट्राचा वेगळा का नाही, असं मुलाने तिथेच विचारलं. मी म्हटलं, हुतात्म्यांना वेगळा देश नको होता, याच देशात आपल्या भाषेचं घर हवं होतं. त्याला पटलं असावं, कारण पुढचा प्रश्न पेढ्यांबद्दल होता.

दुपारी दोन्ही घरांचं जेवण आमच्याकडे. त्यांनी केसरचा रस आणला, आमचा हापूसचा. आदल्या आठवड्यात गच्चीवर वाळवलेल्या कुरडया तळल्या. कुठला रस चांगला यावर मोठ्यांचंच जास्त बोलणं झालं.

ऊन उतरल्यावर लोकलने सीएसएमटी, तिथून चालत हुतात्मा चौक. आम्ही पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते. सकाळी वाहिलेली पुष्पचक्रं उन्हाने मलूल झाली होती, झेंडूच्या पाकळ्या फरशीवर पसरल्या होत्या. मी यादी छापून नेली होती. दोघांनी एक-एक नाव आळीपाळीने वाचायचं ठरवलं. मित्राला मराठी वाचताना जरा वेळ लागतो, जोडाक्षरावर अडखळला की माझा मुलगा कानात सांगायचा.

चिमणलाल डी. शेठ हे नाव नेमकं मित्राच्या वाट्याला आलं. त्याने वाचलं, थांबला, परत वाचलं. मग आईकडे बघून म्हणाला, "मम्मी, आपणा जेवू नाम." आपल्यासारखं नाव.

माझा मुलगा कागदाकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "आई, हे माझ्या भाषणात का नव्हतं?"

मी म्हटलं, मलाही माहीत नव्हतं. त्याने मान हलवली आणि पुढचं नाव वाचलं. सगळी नावं वाचायला वीस मिनिटं लागली. मधे एक पोलीस हवालदार जवळ येऊन उभे राहिले. आम्हाला वाटलं, हटकतील. ते टोपी काढून शेवटच्या नावापर्यंत थांबले आणि काही न बोलता गेले.

परतीच्या गाडीत दोघे एकमेकांच्या खांद्यावर झोपले. कागद मित्राच्या खिशात राहिला होता. आज सकाळी त्याची आई तो घेऊन वर आली. पँट धुवायला टाकताना हाताला लागला म्हणाली. घड्यांवर विरलाय, पण नावं वाचता येतात.

---

सीमेवरचा | २ मे, दुपारी १२:०५

ताई, मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणते पुढच्या १७ जानेवारीला बेळगावच्या चौकात आपणही नावं वाचायची. निपाणीची धरून.

---

वडोदरेकर | २ मे, दुपारी १:४०

त्या आजोबांना माझा नमस्कार कळवा. पोळातल्या आठवणी कोणीतरी त्यांच्याकडून लिहून घ्या, लवकर घ्या.

---

ठाकुरद्वार | २ मे, संध्याकाळी ५:१५

ओलीमाती, ती यादी मला पाठव, अक्षर मोठं करून. समोरच्या काकूंच्या मुलाचं नाव मला त्यात बघायचं आहे. इतक्या वर्षांत मी कधी शोधलं नाही.

आणि एक कळव, टॅक्सी स्मारकाच्या अगदी जवळपर्यंत जाते का? मला आता फार चालवत नाही, पण पुढच्या वर्षी तुमच्याबरोबर यायचं आहे.